हलकं दालन

सांगलीच्या स्मृतिसंस्थेच्या प्रयोगशाळेत विभावरी कारखानीस काचेसमोर उभी राहून आपल्या वडिलांच्या हसण्याची वाट बघत होती. हसू येत होतं, पण हप्त्याहप्त्यानं. आधी ओठ आले, मग जरा थांबून गाल, आणि डोळे अगदी शेवटी. डोळे येईपर्यंत अप्पांचा चेहरा जसा दिसायचा, तो बघायला छाती लागायची. काचेपलीकडे त्यांच्यासमोर बसलेल्या तिच्या आईला, माईंना, मात्र त्याचं काही नव्हतं.

"हसा सावकाश," त्या म्हणाल्या. "मला कुठं जायचंय?"

अप्पा जाऊन बरीच वर्षं झाली होती. उरलं होतं ते हे स्मृतिदालन, म्हणजे खोलीभर उमटणारं एक भलंमोठं वेबपान. त्यात गेलेला माणूस बसतो, बोलतो, ठसकतो. दालन जुन्या चित्रजड पद्धतीचं होतं. घरातल्या कॅमेऱ्यांनी टिपलेल्या लाखो चित्रांचे काप करून ते फरशांसारखे शेजारी शेजारी बसवले होते. त्यात रोज भेटीला येणाऱ्या माईंची चित्रंही साठत गेली. शेवटी ओझं इतकं वाढलं की संस्थेनं हात टेकले. दिवाळीपर्यंत दालन हलकं करा, नाहीतर बंद होईल, असं कळवून टाकलं. ते बंद झालं तर माई दुसऱ्यांदा विधवा होणार, हे सांगायला काही ज्योतिषी नको होता.

विभावरी संस्थेत रूपांतरकार होती. चित्रजड पानं हलकी करणं हेच तिचं काम. पण घरचं पान हातात घेताना तिला तिचे वरिष्ठ डॉक्टर इब्राहिम मुजावर शेजारी हवे होते, कारण 'नियमपत्र' ही मूळ त्यांची कल्पना. जुनी वेबपानं चित्रांऐवजी सीएसएस नावाच्या मांडणीच्या नियमांनी हलकी करायचे, त्याचीच ही पुढची पायरी.

माईंना मुजावरांनी ते असं समजावलं होतं, "माई, तुम्ही रांगोळीचा फोटो पाठवलात तर तो जड. पण ठिपके किती आणि रेघ कुठून कुठं, एवढंच सांगितलंत, तर पलीकडची बाई तीच रांगोळी दारात काढेल. आम्ही तेच करतो. जे पुन्हा पुन्हा येतं त्याचा नियम करतो आणि चित्र फेकून देतो. जे एकदाच घडलं, तेवढ्याचं चित्र ठेवतो."

"म्हणजे ह्यांचं हसणं?"

"नियम."

"आणि आजारपण?"

"चित्र. ते एकदाच आलं."

माईंनी यावर मान हलवली होती, पण ती पटल्याची होती की काय, हे मुजावरांना कळलं नाही.

रूपांतराच्या दिवशी मुजावरांनी विचारलं, "बाई, प्रेक्षक वगळलेत ना?"

ही त्यांच्या कामातली रीतच होती. पान कोणाचं आणि बघणारा कोण, हे आधी वेगळं करायचं, बघणाऱ्याची सावलीसुद्धा पानात राहू द्यायची नाही.

"वगळून बघितलं," विभावरी म्हणाली. "अप्पा रिकाम्या खुर्चीशी बोलतात. कपासाठी हवेत हात पुढे करून बसतात. मला बघवेना, सर. माई बघणारी कुठं आहे? ती त्या पानातलीच आहे."

मुजावरांनी चष्मा पुसला. त्यांना स्वतःची आई आठवली असावी, कारण एरवी अशी हयगय खपवून घेणारा हा माणूस नव्हे. "बरं," एवढंच म्हणून त्यांनी यंत्राला हुकूम दिला. दुपारपर्यंत लाखो चित्रं नाहीशी झाली.

आणि अप्पा हसले. ओठ, गाल, डोळे, सगळं एकदम. विभावरीनं तोंडावर हात घेतला आणि पोटभर रडून घेतलं. इतकं खरं हसू तिनं अप्पांच्या हयातीतसुद्धा नीट बघितलं नव्हतं.

तिनं लगेच माईंना आत पाठवलं. पण पाचेक मिनिटांत त्या परत येऊन तिच्याशेजारी उभ्या राहिल्या.

"विभा, ते माझ्याशी बोलत नाहीत."

"बोलतायत की. मला इथून ऐकू येतंय."

"माझ्याशी नाही गं. तिच्याशी."

विभावरीनं काचेतून पाहिलं. अप्पांसमोरच्या खुर्चीत माई बसल्या होत्या. पदर सावरून, मान खाली घालून चहा गाळत होत्या. विभावरीनं शेजारी पाहिलं, तर शेजारीही माईच. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, म्हणतात ते असं.

मुजावरांनी नियमपत्र उलगडून पाहिलं.

"माई रोज येतात," मग ते म्हणाले. "रोज तीच खुर्ची, तेच 'बरे आहात ना', तोच चहा. यंत्रानं त्यांचाही नियम केला. आता खऱ्या माई आत गेल्या की दालन म्हणतं, हे तर आपल्याकडे आहेच, पुन्हा कशाला घ्यायचं? म्हणून ते त्यांना आत घेतच नाही. जे आधी कधीच झालं नाही, तेवढंच आता त्याला दिसतं."

"मग तो नियम पुसू."

"अप्पांची नजर, हात, हसणं, सगळं माईंच्या सापेक्ष मांडलंय. त्यांना काढलंत तर अप्पा कोसळतील. आणि मागं फिरायला चित्रं उरली नाहीत."

विभावरी आईला वाचवायला निघाली होती आणि आईलाच बाहेर ठेवून बसली होती. तिच्या पाठीवरून हात फिरवत माईंनी मुजावरांना विचारलं, "जे कधीच झालं नाही, ते दिसतं म्हणालात ना?"

"हो. फक्त तेच."

माई आत गेल्या आणि अप्पांच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. लग्नाला पन्नास वर्षं झाली तरी त्यांनी उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. सगळं आयुष्य 'अहो' आणि 'इकडं' यांवर निभावलं होतं.

"त्र्यंबक," त्या म्हणाल्या.

अप्पांनी चमकून वर पाहिलं. थेट त्यांच्याकडे. अप्पा खुर्चीतून अर्धवट उठले, हात जोडले आणि अदबीनं म्हणाले, "आपण कोण? ओळखलं नाही. या, बसा ना. ही आमची मंडळी. अगं, पाहुण्यांना चहा टाक."

खुर्चीतल्या माईंनी हसून मान डोलावली.

मुजावर हलक्या आवाजात म्हणाले, "बायको म्हणून जे जे ओळखीचं होतं, ते सगळं नियमात गेलं. बाहेर उरलं ते अनोळखीच दिसणार."

विभावरीला वाटलं, आता माई ओक्साबोक्शी रडत येतील. पण त्या तिथेच थांबल्या, बाजूला पडलेली एक खुर्ची ओढून बसल्या, आणि जायची वेळ झाल्यावरच बाहेर आल्या. डोळे सुजलेले होते, चेहरा मात्र शांत.

"मी चहा गाळताना नेहमी खाली बघायची," त्या म्हणाल्या. "तेव्हा ते माझ्याकडे कसे बघायचे, ते मला आज कळलं. उद्यापण येणार मी. पाहुणी म्हणून."

आणि त्या येत राहिल्या. रोज दारातून नावानं हाक, रोज बाजूची ती खुर्ची. अप्पा रोज "आपण कोण" म्हणत, रोज चहा सांगत. माई फार बोलत नसत, नुसत्या बघत बसत. विभावरीला हे बघून बरं वाटायचं आणि त्या बरं वाटण्याची भीतीही वाटायची. ती का वाटते, ते तिच्या लक्षात यायला हवं होतं. नियमपत्र रोज स्वतःची झाडलोट करतं. पुन्हा पुन्हा येणारं शोधतं आणि हलकं करतं. त्याचा धर्मच तो.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात एका सकाळी ती कामावर आली, तेव्हा दालनातून बोलण्याचे आवाज येत होते. तिनं काचेतून पाहिलं. आत तिघं बसली होती. अप्पा, चहा गाळणाऱ्या माई, आणि बाजूच्या खुर्चीत त्या दोघांकडे टक लावून बघणाऱ्या माई. अप्पा पाहुणीला आग्रह करत होते.

मागं जिन्यात पावलं वाजली. माई दम खात वर आल्या, दारापाशी चपला काढल्या आणि काचेला नाक लावून आत पाहू लागल्या. विभावरीनं त्यांचा दंड घट्ट धरला.

माईंनी एक एक चेहरा निरखला. स्वतःचे दोन्ही चेहरे जरा जास्त वेळ निरखले.

"विभा," मग त्या म्हणाल्या, "आत अजून एक खुर्ची ठेव."