बरगड्यांवरच्या फुल्या

नागोरावांची डुकरं वाचली, तर हडपसरच्या हॅमवाल्या कंपनीचं वर्षभराचं काम जनावरांच्या डॉक्टर शैलाला मिळणार होतं. नाही वाचली, तर नागोरावांची शेड बंद. दोघांचा फायदा असा डुकरांच्या फुप्फुसात अडकला होता. मांजरी गावच्या कच्च्या रस्त्यावर शैला रोज स्कूटी हाकत होती ती काही भूतदयेपोटी नव्हे.

उसापलीकडे आयटीवाल्यांच्या काचेच्या इमारती उठत होत्या. त्या सिमेंटच्या धुळीनं आपल्याला कोरडा खोकला लागलाय, असं तिचं निदान होतं.

पहिलं डुक्कर मेलं तेव्हा नाकपुडीशी रक्ताचा फेस होता. छाती उघडली, तर फुप्फुसाचा एक तुकडा काळानिळा, यकृतासारखा घट्ट. प्रयोगशाळेनं त्यातून न्यूमोनियाचा जंतू वाढवून दाखवला.

"म्हातारी तिथंच नाक लावत होती परवा," यवतमाळहून आलेले नागोराव म्हणाले. "मी हाकललं." म्हातारी म्हणजे कोपऱ्यातली थोराड डुकरीण. "ती सांगते ते खरं राहते, बाई."

"मग फी तिलाच द्या. माझं पेट्रोल वाचेल."

म्हातारी उठली. एका डुकराच्या बरगडीवर तिनं मुस्कट टेकवलं, डोळे मिटले आणि लांब श्वास आत ओढला. सोडलेला मात्र दिसला नाही.

शैलानं तिथं नळी लावली. चार बोटांच्या जागेत चुरमुरे चुरडल्यासारखा आवाज. तिनं वहीत बरगड्यांचं चित्र काढलं, जागेवर फुली मारली, इंजेक्शन दिलं.

महिनाभरात अशा अकरा फुल्या झाल्या. म्हातारीचा नेम एकदाही चुकला नाही. गाभाऱ्यात उभं राहावं तशी शैला तिच्यामागे गप्प उभी राहायची आणि मग निदानाखाली स्वतःची सही ठोकायची. अकराही डुकरं उठून खायला लागली.

म्हातारीला तिनं कधी तपासलं नाही. जी खोकत नाही, तिला कोण तपासतं?

शेवटच्या दिवशी ती वाकून सामान भरत होती. पाठीला काहीतरी ओलं, गार टेकलं. डाव्या खवाट्याखाली.

लांब श्वास ऐकू आला.

नागोरावांच्या हातातली बादली तशीच राहिली. "बाई... छातीचा फोटो काढून घ्या."

"धूळ आहे हो, नागोराव."

पण स्कूटीला किल्ली दोनदा लागली नाही.

सकाळी त्यांचा फोन आला. म्हातारी गेली.

शैलानं तिची छाती उघडली. फुप्फुसांवर फिकट, भरून आलेले व्रण होते. तिनं वही शेजारी धरली. पहिली फुली जुळली. दुसरी जुळली. अकराही जुळल्या.

बारावा डाग डावीकडे, खाली. ताजा, लालभडक.

तिनं खोकून पाहिलं. खोकला आला नाही.

नागोरावांना अकरा डुकरं मिळाली, शैलाला वर्षाचं काम आणि मोकळा श्वास. सगळ्यांचं म्हातारीनं एकटीनं भरलं होतं. वहीच्या कोऱ्या पानावर शैलानं माणसाच्या बरगड्या काढल्या, डावीकडे खाली फुली मारली.

या निदानाखाली तिनं सही केली नाही.