लेम्पीची फळी

तळघराच्या भिंतींना कुठलं लाकूड लावायचं ते ठरवायला सेल्मा तळ्याकाठच्या केबिनवर आली, जिना उतरली आणि तिचं डोकंच फिरलं. भिंती उघड्या पडल्या होत्या.

"आर्नी! जुन्या फळ्या कुठायत?"

"सौनाच्या भट्टीत घातल्या," बाहेरच्या वाफेच्या न्हाणीकडे बोट दाखवत धाकटा भाऊ म्हणाला. "कुजल्या होत्या, ताई. काल काय वाफ झाली म्हणून सांगू!"

"लेम्पीचीसुद्धा?"

आर्नी भिंतीत उरलेले खिळे उपटू लागला.

लेम्पी सेल्माची जुळी बहीण, तिच्यापेक्षा कायम बोटभर उंच. दर उन्हाळ्यात बाबा तिला त्या फळीशी उभी करायचे आणि डोक्याला लागून पेन्सिलीची रेघ ओढायचे. नऊ रेघा झाल्या आणि तळ्यानं तिला गिळलं. ती सापडलीच नाही. पुरायला काही नव्हतं, होती ती एवढी फळी.

"विचारायचं तरी होतंस, मेल्या!"

संतापाच्या भरातच ती आर्नीला घेऊन लाकडाच्या वखारीत गेली. आर्नीला सीडरचं लाकूड हवं होतं. "तू तोंड उघडू नकोस," म्हणत तिनं जुन्या फळ्यांसारखं गाठींचं पाइनचं लाकूडच घेतलं, एकेक फळी दोन्ही बाजूंनी उलटून, स्वतः पारखून. एकीवरही डाग नव्हता. मग तीन दिवस पट्टीनं बांधलेला गठ्ठा तसाच तळघरात ठेवला. नव्या लाकडाला घराची हवा लागू दिल्याशिवाय खिळा मारत नाहीत.

चौथ्या दिवशी दुपारी आर्नीनं गठ्ठ्याची पट्टी कापली. सगळ्यात वरच्या फळीवर रेघा होत्या.

"ताई, हे तूच केलंयस ना? मला छळायला?"

सेल्मानं मोजलं. नऊ रेघा. त्यांच्या वर दहावी... अकरावी... आणखी कितीतरी. आर्नीनं एका रेघेवर बोट फिरवलं. पेन्सिल नव्हती ती. बोटाला कोळसा लागला.

तिनं फळी भिंतीला उभी केली आणि पाठ टेकली.

"सगळ्यात वरची कुठं येतेय?"

"तुझ्या डोक्यावर..." आर्नीनं बोट आडवं धरून पाहिलं. "बोटभर."

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. सौनाच्या तापलेल्या दगडांवर वाफेसाठी पाणी ओतल्यावर येतो तो. सर्र...

"सौना तू पेटवलास?"

"नाही गं. काल रात्रीच राख काढली..."

पुन्हा सर्र झालं. सेल्माचा राग अजून तसाच होता.

"जा," ती म्हणाली. "फळी तू जाळलीस. तूच जाऊन सांग तिला."

आर्नी हलला नाही. वर दाराच्या फटीतून तळ्याच्या पाण्यात भिजलेल्या, जळक्या पाइनचा वास खाली उतरू लागला.