समासातली विमलबाई

संघदीप इंझोरीत आला तो फुप्फुसाच्या कॅन्सरची पाहणी करायला. प्रेमात पडायला याहून बरी कामं असतात, पण त्याला हेच मिळालं होतं.

पहिल्याच घरी देवमनची मुलाखत अर्धा तास चालली. रोज दोन कट्टे बिडी, तीस वर्षं… देवमन नवरदेवासारखा ताठ बसून सांगत होता. पाच पानं भरली. मग त्याची बायको, विमलबाई. बिडी ओढता? नाही. झाला फॉर्म! छापलाच तसा होता. संघदीपनं पेनाला टोपण लावलं.

तोच चुलीपाशी विमलबाई खोकली, आणि दारातून आवाज आला —

"बाबा बिडी पेतेत, त्यायले पाच पानं. माय चार महिने खोकलून राह्यली, तिले एक ओळ नाई?"

ही लेक, सपना. कमरेवर पऱ्हाटीच्या काड्यांचा भारा, डोळ्यांत प्रश्न… संघदीपनं दोन्हींकडे पाहिलं. भाऱ्याकडे जरा कमी.

त्यानं खरं ते सांगितलं. हा रोग आता बदलतो आहे. बिडीला कधी हात न लावलेल्यांत, बायांतही दिसतो. धूर चुलीचा असो की घरच्यांच्या बिडीचा, फुप्फुस विचारत बसत नाही.

"मंग फॉर्म काहून नाई बदलला?"

त्यानं टोपण काढलं आणि समासात लिहायला घेतलं. चूल किती वर्षं? अठ्ठावीस. जळण? पऱ्हाटी, तुराट्या. खिडकी? देवमन पाडणार होता, दहा वर्षांपासून. औषध? दोन डॉक्टरांनी आधी बिडीचं विचारलं, नाही म्हटल्यावर निर्धास्तपणे खोकल्याची बाटली दिली.

समास संपला, म्हणून तो पुढच्या गुरुवारी आला. त्याच्या पुढच्याही. एक्स-रेत डाग दिसला, तेव्हा मायलेकींना घेऊन अकोल्याला गेला. रिपोर्ट येईपर्यंतच्या आठ दिवसांत सपनानं त्याला एकही प्रश्न विचारला नाही. ते त्याला फार जड गेलं.

कॅन्सरच होता. पण लहान… वेळेत सापडलेला. डॉक्टर म्हणाले, काढता येईल. काढला. देवमननं बिडी अंगणात नेली, मग अर्ध्यावर आणली, आणि एका दुपारी स्वतःच्या हातानं स्वयंपाकघराची भिंत फोडून खिडकी केली.

विमलबाई घरी आल्यावर संघदीप आला. सोमवारी, बिनफॉर्मचा. सपनानं वही-पेन घेतलं.

"आता मी इचारते. बिडी?"

"नाई."

"घरी चूल का गॅस?"

"गॅस. कामरगावले माह्या घरी येऊन पाहून घ्या ना…"

"रांधते कोण?"

"मीच. भाजी जरा करपते."

ती बराच वेळ लिहीत राहिली. आतून खोकला आला. दोघंही दचकले, पण हा त्या जातीचा नव्हता, पाहुण्याला चहा कधी देणार, असं विचारणारा होता.

संघदीपनं हळूच विचारलं, "झाला का फॉर्म?"

सपनानं पान उलटलं.

"कायचा… तुमाले लय पानं हायेत."