सिव्काचं ओझं

रोज सकाळी उजाडता उजाडता वालेंटी घोडीला दंताळं जोडायचा आणि नदीकाठची पट्टी सारखी करायचा. दहा पावलं रुंद, भुसभुशीत मातीची ती पट्टी, तिच्यापुढे पाणी आणि पाण्यापुढे दुसरा देश. पलीकडून कोणी आलं की माती लगेच चुगली करणार. वालेंटीने लगाम लांब धरून कडेच्या गवतावरून चालायचं, मातीत पाऊल टाकायचं नाही, एवढाच नियम.

वोलोब्रोद गावाने तसं कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं. पण युद्ध संपलं, दूर कुठल्याशा टेबलावर नकाशा पसरला आणि गावामधून वाहणारी बूग नदी सरहद्द होऊन बसली. चर्च अलीकडे राहिलं, कबरस्तान पलीकडे. वा रे न्याय! पलीकडची माणसं गोठलेल्या नदीवरून चालत अलीकडे आली. वालेंटीने बायकोला, रोझालियाला, आधीच धाडलं होतं. मागून तो आला, सिव्का या करड्या घोडीला घेऊन. धाकटा भाऊ फ्लोरिआन मात्र आला नाही. ‘आईची कबर सोडवत नाही म्हणाला,’ असं वालेंटीने सांगितलं. नाताळच्या आदल्या संध्याकाळी अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी जास्तीचं ताट मांडतात. गेली सात वर्षं रोझालिया ते फ्लोरिआनच्या नावाने मांडत होती. वालेंटी त्या ताटाकडे पाठ करून बसे.

यंदा मार्चमध्ये नदीवरचा बर्फ फुटला आणि पाण्यालगत पहिला ठसा दिसला. अनवाणी डावा पाय, बोटं तीनच. फ्लोरिआनची दोन बोटं लहानपणी थंडीने गळून पडली होती. वालेंटीने घाईघाईने त्यावरून दंताळं फिरवलं. दुसऱ्या दिवशी दोन ठसे होते. नवव्या दिवशी नऊ, आणि सगळे अलीकडे येणारे. पहाऱ्यावरच्या सार्जंटने पाहिले असते तर माणसं चोरून आणतो म्हणून घरदार ट्रकमध्ये घालून हाकललं असतं. रोझालियाने पाहिले असते तर? त्याची भीती त्याला जास्त होती.

दहाव्या दिवशी धुकं इतकं दाट होतं की नदी नुसती ऐकू येत होती. आज ठसा एकही नव्हता. वालेंटीचा जीव भांड्यात पडला. पण निम्म्या वाटेवर सिव्का थबकली. कान पुढे, ओठ रिकाम्या हवेत पुढे काढलेले... आणि ती हलकेच खिंकाळली. खिशातून पावाच्या कडा आणणाऱ्या एकाच माणसाला पाहून ती अशी खिंकाळायची.

“चल... चल गं बाई...”

मेंढीच्या ओल्या कातडी कोटाचा वास आला. वालेंटीने मागे पाहिलं नाही. टोकाला पोचून त्याने दंताळं सोडलं आणि सिगरेट पेटवली.

धुक्यातून सार्जंट कुलेशा आला. “काय काका, आज जोडीदार आणलात वाटतं?”

“जोडीदार? मी एकटाच...”

कुलेशाने बोट दाखवलं. नुकत्याच सारख्या केलेल्या मातीवर ठसे उमटले होते. वालेंटी गवतातून जिथून चालला होता, त्याच्या अगदी बरोबरीने. तो थांबला तिथे थांबलेले. शेवटचे दोन त्याच्या शेजारी होते आणि बोटं त्याच्याकडे वळलेली.

तेवढ्यात रोझालिया न्याहारी घेऊन आली. तिने पाहिलं आणि दुधाची किटली हातातून सुटली. “तीन बोटं! अरे, हा तर आपला फ्लोरिआन! आला रे... आला एकदाचा!” ती हसत होती आणि रडत होती.

कुलेशाने खांद्यावरची बंदूक काढली. “कुठे लपवलाय? बोला काका, नाहीतर दुपारी ट्रक दारात उभा राहील.”

वालेंटी बायकोकडे पाहत राहिला. मग खाली बसला.

“लपवलेला नाही, साहेब. मेलाय तो... पलीकडून येताना बर्फ फुटला. त्याच्या कमरेचा दोर सिव्काच्या गळपट्ट्याला बांधलेला होता. ती पण ओढली जात होती. तो पाण्यातून ओरडत होता, ‘हाक तिला, वालेंटी, हाक!’... आणि मी दोर कापला.”

“सात वर्षं...” रोझालिया एवढंच म्हणाली. तिचा चेहरा वालेंटीला पाहवेना.

कुलेशा सिव्काकडे बघत होता.

सिव्का चारी पाय रोवून पुढे झुकली होती. मान ताणलेली, गळपट्टा छातीत रुतलेला, नाकपुड्यांतून वाफ निघत होती. तिने एक पाऊल पुढे टाकलं. मग आणखी एक. दंताळं तर मघाशीच सोडलेलं, बाजूला गवतात पडलं होतं.

रोझालिया पुढे गेली. नवऱ्याला ओलांडून गेली आणि तिने घोडीचा लगाम हातात घेतला.

“ओढ, सिव्का... ओढ...”

पाण्याच्या कडेपासून मातीत एक ओला चर पडत होता, माणसाच्या खांद्यांएवढा रुंद, आणि तो हळूहळू त्यांच्याकडे येत होता.