कुंडीचं वर्तुळ

दुपारचं ऊन वॉर्डच्या फरशीवर सांडलं होतं आणि आत्याबाईंचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. भाचीच्या पांढऱ्या पेशी अखेर वाढल्या होत्या. रक्ताचा कर्करोग, त्यात फुफ्फुसात शिरलेली बुरशी. दोन्हींना पुरून उरलेली पोर उद्या घरी येणार होती. तिचे धुतलेले कपडे घ्यायला आत्याबाई खोलीबाहेर आल्या, एवढंच काम.

काचेच्या दाराशी एक बाई उभी होती. उराशी ओली कुंडी, तिच्यातल्या रोपाला एकच कळी.

“अहो, माती इथे चालत नाही. मातीतली बुरशी श्वासातून आत जाते. या पोरांच्या अंगात तिला अडवणारं काही उरलेलं नसतं.”

बाई हलेना. काचेतून आत बघत पुटपुटली, “तिला झाडं आवडतात…”

आवडत होतीच. असेल कुणी ओळखीतली. एरवी आत्याबाईंनी तिला फैलावर घेतलं असतं. पण आज आनंदात कुणाला दुखवायचं? म्हणाल्या, “आता नको. पोर घरी आली की या सावकाश.”

“येते,” म्हणून बाई वळली.

सिस्टर आल्या. “कुणाशी बोलत होता, आत्याबाई?”

“कुंडीवाली कोणीतरी.”

सिस्टरांचा हात ट्रॉलीवर थबकला. आवाज खाली गेला. “याच खोलीत एक मुलगी होती. तिला आवडतं म्हणून आईनं चोरून कुंडी आणली. बुरशीनं मुलगी गेली… पाठोपाठ आईही. अजून येते. आम्ही तिला फक्त ‘जा’ म्हणतो. ‘या’ कुणीच म्हणत नाही… तुम्ही काय म्हणालात?”

“हाकललं,” आत्याबाई म्हणाल्या.

घरी जाऊन त्यांनी खोली घासली, खिडक्यांना चिकटपट्ट्या लावल्या, गॅलरीतल्या सगळ्या कुंड्या देऊन टाकल्या. दुसऱ्या दिवशी मास्क लावलेली पोर हसत आत शिरली.

“आत्या, दवाखाना बरा होता गं. फिनेलनं मारतेस की काय मला?”

“वटवट पुरे. पड जरा.”

पोर पलंगावर पडली. जरा वेळाने म्हणाली, “ओल्या मातीचा वास येतोय… किती छान…”

खिडकीच्या कट्ट्यावर चिखलाचं गोल, ताजं वर्तुळ होतं. कुंडी ठेवून उचलावी तसं. आत्याबाईंनी ते फडक्याने खसाखसा पुसलं. वळल्या, तर तसंच एक स्टुलावर, उशीपासून हातभर.

“मास्क काढू नकोस…”

पण पोरीने तो खाली ओढला होता, आणि ती डोळे मिटून खोल श्वास घेत होती.