घरातलं माणूस बसवा

लिफ्टवाल्याचं डोकं यंत्रात चालायचं, इंग्रजीत नाही. बिघडलेल्या लिफ्टचा नुसता आवाज ऐकून तो सांगायचा, दरवाजा अडकलाय की ब्रेक घासतोय. कुठल्याही बिघाडाला कारण असतं, ह्यावर त्याचा ठाम विश्वास. पण इंग्रजी शब्द म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. सकाळी घोकलेला शब्द दुपारच्या डब्याबरोबर संपलेला असायचा. कंपनीत सुपरवायझरची जागा निघाली होती. तिची परीक्षा इंग्रजीत, आणि तो आधीच एकदा तोंडावर आपटला होता.

घरी तो, आई आणि धाकटी बहीण. आई घरीच शिवणकाम करायची. लोकांचे कपडे आत घे, सैल कर, चेन बदल. बहीण एका टॅक्सी कंपनीत फोनवर. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून घरी यायची आणि बुटांच्या नाड्या सोडता सोडता पुन्हा सुरू. घरात तिला टकळीच म्हणायचे.

"आवर गं जरा," तो म्हणायचा. "शब्द पाठ करतोय."

"पाठ करतोयस की जप करतोयस? तासभर तोच शब्द! आई, ह्याला सांग, परीक्षेत मला घेऊन जा. हा नुसता मान हलवेल, बोलेन मी."

"तुझ्या जिभेला हाड नाही," आई म्हणायची.

"कुणाच्याच नसतं, आई. डॉक्टरला विचार."

तर अशी ही पोर.

क्लास एका लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर होता. संध्याकाळी खालून इस्त्रीची वाफ यायची, फळ्याला ओल धरायची, खडू धड उमटायचा नाही. शिकवणाऱ्या बाई एकट्याच. केस बारीक कापलेले, आवाज कोरडा. त्यांची पद्धत वेगळी होती. इंग्रजी शब्द त्या ग्रीक पुराणातल्या गोष्टींवरून शिकवायच्या. पॅन नावाचा रानातला देव होता, अर्धा माणूस, अर्धा बोकड. भर दुपारी अचानक ओरडायचा आणि कळपच्या कळप उधळायचे. त्यावरून पॅनिक.

"पण नुसती गोष्ट ऐकून भागणार नाही," बाई म्हणायच्या. "गोष्ट परकी राहिली तर शब्दही परका राहतो. गोष्टीत ओळखीचं माणूस बसवा. त्याचे कपडे, त्याची चाल, सगळं डोळ्यांपुढे आणा. घरातलं माणूस बसवलंत तर उत्तम. एकदा बसलं की शब्द जन्मात उठणार नाही."

लिफ्टवाल्याने पॅनिकमध्ये एका इमारतीचा वॉचमन बसवला. ढेरपोट्या, शिट्टी गळ्यात, रानातून धूम पळतोय. हसू आलं आणि शब्द बसला. इतका पक्का बसला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. पुढच्या आठवड्यात त्या इमारतीत काम निघालं, तर गेटवर नवा माणूस.

"आधीचा पळाला," नवा म्हणाला. "भर दुपारी, शिट्टी टाकून. काय बघितलं कुणास ठाऊक. सांगतच नाही."

लोक नोकऱ्या सोडतात. लिफ्टवाल्याने एवढाच विचार केला आणि हत्यारांची पेटी उघडली.

क्लासमध्ये त्याच्या शेजारी एक नर्स बसायची. तिने ॲटलासच्या गोष्टीत नवऱ्याला बसवलं होतं. ॲटलास म्हणजे आभाळ खांद्यावर तोलून धरायची शिक्षा झालेला राक्षस. नवरा गोदामात हमाली करायचा, त्यामुळे सोपंच गेलं, म्हणाली. काही दिवसांनी ती डोळ्यांखाली काळं घेऊन आली.

"मान वर होत नाही त्यांची. हात असे वर धरून बसतात. झोपेतसुद्धा. खाली घ्या म्हटलं तर घाम फुटतो. म्हणतात, घेतले तर पडेल."

"मणक्याचं दुखणं असेल," लिफ्टवाला म्हणाला.

नर्सने वही पिशवीत टाकली. त्यानंतर ती आली नाही.

त्याच संध्याकाळी बाईंनी इको शिकवला. इको नावाची डोंगरातली एक पोरगी. बडबडी. तिने एका देवीला बोलण्यात इतकं गुंतवलं की देवीचं भलतंच नुकसान झालं. देवीने शाप दिला: यापुढे तुला स्वतःचं बोलता येणार नाही. दुसऱ्याच्या बोलण्याचं शेपूट तेवढं तुझं.

"अहो बाई, ही तर आमची टकळी!" लिफ्टवाला मोठ्याने म्हणाला आणि सगळा वर्ग हसला.

बाई हसल्या नाहीत. "मग बसवा तिलाच," म्हणाल्या आणि पुढची गोष्ट सांगितली. ती पोरगी एका तरुणावर जीव लावून बसली. त्याने झिडकारलं. ती गुहांमधून, कड्यांमधून फिरत राहिली आणि झिजत गेली. अंग गेलं. आवाज राहिला.

दुसऱ्या दिवशी तो एका जुन्या इमारतीत लिफ्टच्या टपावर उभा होता. वर दोरखंड, खाली अंधारी विहीर, ग्रीसचा वास. त्याने बहिणीला डोंगरावर उभी केली. तिचा निळा ड्रेस, चपट्या चपला, पुढचा किंचित तिरका दात. मग खाली तोंड करून ओरडला, "इको!" विहिरीने शब्द परत दिला. बसला. चांगला घट्ट बसला.

संध्याकाळी बहीण घरी आली ती गप्प.

"आज काय झालं? गप्प का गं?"

"गप्प का गं?"

"नक्कल पुरे."

"पुरे."

आई मशीनवरून हसली. पण पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं. ती गळ्याला हात लावून उभी होती. तोंड उघडत होती, मिटत होती, पाण्याबाहेर काढलेल्या मासोळीसारखी.

टॅक्सी कंपनीने चार दिवस वाट बघितली. गिऱ्हाईक म्हणायचं, स्टेशनला गाडी पाठवा. ही म्हणायची, गाडी पाठवा. त्यांनी तिला घरी बसायला सांगितलं. डॉक्टरांनी घशात कॅमेरा घालून बघितलं. घसा आरशासारखा स्वच्छ. मनाच्या डॉक्टरांनी विचारलं, "नेमकं काय होतंय?" ती म्हणाली, "काय होतंय?" त्यांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. लिहून दाखव म्हटलं तर पेन हातात घेऊन नुसती बसायची. आधी कोणीतरी बोलल्याशिवाय तिचा हातसुद्धा हलायचा नाही.

आईने हळूहळू एक युक्ती शोधली. पोरीला जे म्हणायचं असेल ते वाक्याच्या शेवटी ठेवायचं. "भूक नाही का, का लागलीय भूक?" आणि मग पोरगी घाईघाईने म्हणायची, "लागलीय भूक." चुकलं तर मान हलवायची, आणि आई पुन्हा उलटं विचारायची. तासन्‌ तास चालायचं ते. बाहेरच्याला वाटलं असतं, मायलेकी खेळतायत.

लिफ्टवाल्याला ते जमायचं नाही. तो तारा तपासणारा माणूस. त्याला वाटायचं, कारण सापडलं की बिघाड जाईल. कारण त्याला सापडलंही होतं. ते तोंडातून काढायची हिंमत नव्हती.

मग आईने बहिणीचा निळा ड्रेस आत घेतला. कमरेत, मग खांद्यात. आठवडा गेला आणि पुन्हा घेतला.

"खातेय तर सगळं," आई म्हणाली. "जातंय कुठे?"

एका सकाळी बहीण खिडकीपाशी कप धरून उभी होती. ऊन तिच्यावर पडलं होतं. लिफ्टवाल्याला कपाचा कान दिसला. आणि तो बोटांच्या आड होता.

तो तसाच उठून बाईंकडे गेला.

क्लासच्या मागच्या खोलीत बाई राहायच्या. मधोमध लांबलचक टेबल, भोवती खुर्च्याच खुर्च्या. सगळ्या पुसलेल्या. एका खुर्चीला लहान मुलाला उंच बसवायची उशी बांधलेली. बाई टेबलाच्या टोकाला एकट्याच चहा पीत होत्या.

"माझी बहीण," तो म्हणाला.

"कुठपर्यंत आलंय?" बाईंनी विचारलं.

"आरपार दिसायला लागलंय."

बाईंनी कप खाली ठेवला.

"तिला काढायचीय गोष्टीतनं. काय करू? दुसरं कोणी बसवू? मला स्वतःला बसवू?"

"बसवून बघितलंत?"

बघितलं होतं. रोज बघत होता. डोंगरावर स्वतःला उभं करायचा, आणि चेहरा तिचाच यायचा. तिरका दात आधी, मग बाकीची ती.

"मी सांगितलं होतं तुम्हाला," बाई म्हणाल्या. "बसलं की उठत नाही. त्याचीच तर फी घेते मी."

"मग सांगायचं नाही का आधी, असं होतं म्हणून!"

"सांगते. दर बॅचला सांगते. लोक हसतात. तुम्हीही हसलात."

खरंच सांगितलं होतं का? त्याला आठवेना. त्याने खुर्च्यांकडे बघितलं.

"बाई, तुम्ही कोणाकोणाला बसवलं होतं?"

"मला पुष्कळ शब्द येतात," बाई म्हणाल्या. आणि चहा प्यायल्या.

तो दारापर्यंत गेला आणि परत आला. हाडाचा मेकॅनिक. एक वायर नाही तर दुसरी. "विसरलो तर? मी ती गोष्टच विसरलो तर सुटेल ती?"

बाईंनी कप बाजूला सारला. खाली लाँड्रीत कोणीतरी शिट्टी वाजवत इस्त्री फिरवत होतं.

"एक शब्द आहे. लेथर्जी. सुस्ती, ग्लानी. पाताळात एक नदी आहे, लीथी. तिचं पाणी प्यालं की मेलेली माणसं मागचं सगळं विसरतात. मी हा शब्द वर्गात शिकवत नाही."

"त्यात मला बसवलं तर?"

"बसाल तुम्ही. पण नदी विचारत नाही, काय विसरायचंय म्हणून."

घरी आई बहिणीच्या बाहीला टाके घालत होती. बहीण समोर बसली होती, खिडकीच्या काचेवर श्वासाचं धुकं धरतं तेवढी. त्याला बघून तिने ओठ हलवले. काहीतरी हवं होतं तिला. त्याला प्रथमच कळलं, काय ते.

"दादा," तो स्वतःच म्हणाला.

"दादा," ती म्हणाली. आणि हसली.

"आई, मी काहीतरी करतोय," तो म्हणाला. "होईल नीट."

"होईल नीट," बहीण म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पुन्हा लिफ्टच्या टपावर गेला. दिवा बंद केला.

नदी डोळ्यांपुढे आणायला वेळ लागला नाही. राखाडी पाणी, आवाज नसलेलं. काठावर तो, कंपनीच्या गणवेशात, खिशात टेस्टर. गुडघे टेकले.

बहिणीचा चेहरा त्याने समोर घट्ट धरून ठेवला. गोष्ट जाऊ दे, म्हणाला. ही राहू दे. फक्त गोष्ट.

ओंजळ भरली.

दातांना गार लागलं. खरोखरच लागलं.

तो उठला तेव्हा त्याच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं. कुठून गळतंय म्हणून त्याने वर बघितलं. छत कोरडं होतं. त्याने तोंड पुसलं, दिवा लावला आणि राहिलेलं काम पुरं केलं. फार हलकं वाटत होतं. झोप पुरी झाल्यासारखं.

परीक्षेला समोर दोन साहेब होते. एकाने शब्द विचारत विचारत इकोपर्यंत आणलं. लिफ्टवाला न अडखळता म्हणाला, परत येणारा आवाज. उदाहरण? लिफ्टची विहीर. साहेबांनी एकमेकांकडे बघून माना डोलावल्या. हा शब्द आपण कुठल्याशा गोष्टीवरून शिकलो होतो, एवढं त्याला वाटलं. डोंगर होता. डोंगरावर कोणी नव्हतं.

संध्याकाळी तो केक घेऊन घरी आला.

"आई! झालो सुपरवायझर!"

आई मशीनवर होती. सुईखाली निळा ड्रेस, बाहुलीला होईल एवढा आत घेतलेला. ती काम थांबवून त्याच्याकडे बघत राहिली.

"आत जाऊन सांग," ती म्हणाली. "वाट बघतेय."

"कोण?"

आईने त्याच्या तोंडाकडे बघितलं. मग नीट बघितलं. हातातली कात्री तिने खाली ठेवली, ती मशीनच्या कडेवरून घसरून पडली.

"अरे, कोण काय? टकळी आपली."

"कोण टकळी?"

आई उठली. आतल्या खोलीच्या दाराशी गेली. चौकटीला धरून, नेहमीच्या त्या समजुतीच्या सुरात, शेवटचा शब्द सावकाश ठेवत म्हणाली, "बघ, कोण आलं? तुझा दादा."

आतून एका मुलीचा आवाज आला. "तुझा दादा."

लिफ्टवाला आत गेला. एक पलंग होता, नीट आवरलेला. खिडकी उघडी. दाराशी बायकी चपला, चपट्या. त्याने पलंगाखाली बघितलं, पडद्यामागे बघितलं. भिंतीवर बोटाने टकटक केलं आणि कान दिला. मग मान हलवत बाहेर आला. आई जमिनीवर बसली होती. तोंडाला पदर लावून, आवाज न करता रडत होती.

त्याला वाईट वाटलं. वय झालंय हिचं, एकटी असते दिवसभर. तो तिच्याजवळ बसला, पाठीवर हात ठेवला.

"अगं, घाबरतेस काय? खोली रिकामी आहे ना, म्हणून घुमतो आवाज. साधी गोष्ट आहे. उद्या दोन कपाटं आणून ठेवतो आत. आपोआप बंद होईल."

आईने झटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला. पण त्याचं बोलून झालं होतं.

आतून, अगदी हळू, आवाज आला.

"बंद होईल."