मोठ्यानं सांगितलेलं मत

वकील अँब्रोज टिल्सन भाषण पाठ करत कोर्टाच्या कोपऱ्यावर वळला आणि समोरून लुसिंडा अंड्यांची टोपली घेऊन आली. व्हायचं तेच झालं. दोन डझन अंडी फुटली... आणि त्याच्या एकुलत्या एका बऱ्या कोटाचा बट्ट्याबोळ झाला.

"भाषणात समोर बघून चालण्याबद्दल काही आहे का?" तिनं विचारलं.

"समोर असं कुणी येईल, हे माहीत नव्हतं ना... नाव काय म्हणालात?"

"अजून म्हणालेच नाही. मेजर हॅथवेंची मुलगी मी."

त्याचा चेहरा पडला. विधानसभेच्या जागेसाठी तो मेजर हॅथवेंच्याच विरुद्ध उभा होता.

तरी त्या उन्हाळ्यात दर रविवारी चर्चमधून निघालेली त्याची पावलं तिच्या फाटकाशीच थांबायची.

"निवडून आलो की वडिलांकडे तुम्हाला मागायला येईन," एकदा तो म्हणाला. "आज कुठल्या तोंडानं येऊ? दोन खुर्च्या आणि एक कंदील, एवढाच माझा संसार."

"आणि पडलात तर?"

तो फाटकाची कडी नुसतीच वरखाली करत राहिला. वडिलांचं वाईट तिला चिंतवेना, आणि याचं हरणंही परवडणारं नव्हतं.

मतदानाला त्या काळी अमेरिकेतल्या केंटकीत प्रत्येक मतदार पुरुष कोर्टाच्या ओसरीवर उभा राहून आपलं नाव आणि आपल्या उमेदवाराचं नाव मोठ्यानं सांगे. उमेदवारानं मात्र आपलं मत प्रतिस्पर्ध्याला द्यायचं, अशी तिथली रीत. मेजरनी सकाळीच ते टिल्सनला देऊन टाकलं होतं. संध्याकाळी दोघं बरोबरीत आले आणि मत द्यायचा राहिला एकटा टिल्सन.

"रीत गेली चुलीत, अँब्रोज. स्वतःचं नाव घे," कुणीतरी म्हणालं.

त्यानं झाडाखालच्या बायकांत उभ्या लुसिंडाकडे पाहिलं. घ्या ना, असं तिला ओरडावंसं वाटलं. पण स्वतःचं नाव घेणारा टिल्सन आपल्याला उद्याही आवडेल का, हे तिला कळेना.

"अँब्रोज टिल्सन," त्यानं मोठ्यानं सांगितलं. "माझं मत — मेजर हॅथवेंना."

लोकांनी मेजरना खांद्यावर घेतलं. टिल्सन मान खाली घालून पायऱ्या उतरला. लुसिंडा त्याच्या शेजारून वर चढली आणि मतं लिहून घेणाऱ्या कारकुनासमोर उभी राहिली.

"लुसिंडा हॅथवे. माझं मत — अँब्रोज टिल्सनना."

"अगं पोरी, बायकांचं मत वहीत घालता येत नाही."

"नका घालू. ज्यांनी ऐकायचं, त्यांनी ऐकलंय."

टिल्सन पाठमोरा तसाच थबकला होता. त्याचे कान लाल झाले होते.

"मला खाली उतरवा रे," खांद्यांवरून मेजर म्हणाले. "त्या वकिलाला जेवायला बोलवायचंय. मागणी घालायची, तर उपाशीपोटी नको."